शेवटचा ‘ए’ : आडनाव, अक्षर आणि अंगठा

(नरपड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या सूत्रसंचालकांनी माझं आडनाव बरोबर उच्चारलं, त्याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो. तुम्ही हसलात. तुम्हाला वाटणार, ‘सावे’ म्हणायला असं काय कठीण आहे? आपल्या या किनारपट्टीवर काहीच कठीण नाही. बोर्डी-घोलवडच्या बाजूला खडा टाकला तरी तो एखाद्या सावेंच्या अंगणात पडायचा. पण गाडीनं विरार ओलांडलं आणि माझं नाव देवनागरीतून रोमन लिपीत गेलं, की माझी पंचाईत सुरू होते. एस, ए, व्ही, ई. आता हे कोणी कसं वाचावं?

उत्तरेतल्या एका परिसंवादाला मी गेलो होतो. अध्यक्षांच्या हातात इंग्रजी कार्ड होतं. त्यांनी पुकारलं, “अब डॉक्टर सेव अपना निबंध पढ़ेंगे.” हिंदीत सेव म्हणजे सफरचंद, नाहीतर फरसाणातली शेव. चिकूच्या गावचा माणूस एका क्षणात सफरचंद झाला! पुढे कॉम्प्युटर आले आणि माझा नातू एकदा मला म्हणाला, “आजोबा, तुमचं नाव जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे.” मी म्हटलं, बाबा रे, आहे खरं, पण ते बटण दाबून माझी एकही गोष्ट आजवर वाचलेली नाही.

असे किस्से आपल्या सगळ्यांकडे असतात. मोरे, माने, साने, दाते, गोरे, काळे ही आडनावं इंग्रजीत लिहून बघा. मोरे यांचा ‘मोअर’ होतो, दाते यांची ‘डेट’ होते, साने यांचे ‘सेन’ होतात, आणि काळे यांची चक्क एक पालेभाजी होते. हसण्यासारखंच आहे हे. पण चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हसून झाल्यावर प्रश्न पडतात. माझं आडनाव माझं, पण त्याची अक्षरं कोणाची? ती कोणी ठरवली? आणि ती चुकली, तर त्याचा भुर्दंड कोणी भरायचा? आज मला या प्रश्नांच्या इतिहासाबद्दल बोलायचंय. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे, ती मात्र याच गावात द्यायची होती.

शेवटचा ए कुठे जातो?

आधी गंमत समजून घेऊ. इंग्रजी शब्दाच्या शेवटी आलेला ए बहुधा बोलला जात नाही. तो स्वतः गप्प राहतो आणि आधीच्या स्वराला बदलून टाकतो. पण हे नेहमीच असं नव्हतं. चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, इंग्रजीतही हा शेवटचा ए तोंडात येत असे. ‘नेम’ हाच शब्द घ्या. त्या काळी तो ‘नाम’च्या जवळपास उच्चारला जाई. आपला संस्कृत नाम आणि त्यांचा नेम ही एकाच कुळातली भावंडं आहेत. पुढे इंग्रजी जिभेनं शेवटचा ए टाकून दिला, लिहिणाऱ्यांनी मात्र तो तसाच ठेवला. म्हणजे नावाला जे ‘नेम’ म्हणतात, त्या शब्दाचाही शेवटचा ए हरवलेलाच आहे.

आता आपल्याकडे काय झालं? इंग्रज इथे आले तेव्हा आपली नावं रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन पद्धती समोर होत्या. एक जॉन गिलख्रिस्ट यांची. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते हिंदुस्तानी शिकवत. इंग्रजी कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचं, अशी त्यांची रीत. ऊसाठी दोन ओ, ईसाठी दोन ई, आणि आपल्या साध्या ‘अ’साठी यू. दुसरी पद्धत विल्यम जोन्स यांची. तिच्यात ‘अ’साठी ए आणि स्वरांची मांडणी संस्कृतच्या शिस्तीची. १८७० च्या दशकात विल्यम विल्सन हंटर यांनी सरकारी कामासाठी जी पद्धत रूढ केली, ती जोन्स यांच्या वाटेनं जाणारी होती. तिच्यात आपल्या ‘ए’साठी ई हे अक्षर आलं. शास्त्र म्हणून ते ठीकच होतं. पण नियम करणारा संस्कृतकडे बघत होता आणि वाचणारा इंग्रजी शाळेतून आला होता. सावे यांचं ‘सेव्ह’ झालं ते या दोघांच्या मधल्या फटीत पडून.

या फटीचा एक फार छान दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. वसईजवळ तर्खड नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावाचं आडनाव लावणारं घराणं मुंबईत गेलं आणि त्या घरात दादोबा पांडुरंग तर्खडकर झाले. मराठी भाषेचं व्याकरण त्यांनी लिहिलं, १८३६ साली. त्यांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी १८६७ मध्ये प्रार्थना समाजाची स्थापना झाली. आत्माराम यांची मुलगी अन्नपूर्णा. १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्याआधी मुंबईत त्यांच्या घरी राहिले, तेव्हा तिनं त्यांना इंग्रजी रीतीभातींची ओळख करून दिली. आता तिचं आडनाव इंग्रजी पुस्तकांत कसं लिहिलेलं सापडतं? टी, यू, आर, के, एच, यू, डी. यू म्हणजे अ, ही गिलख्रिस्टची जुनी रीत. ती ज्याला ठाऊक आहे तो ‘तर्खड’ वाचेल. ज्याला ठाऊक नाही तो ‘टुरखुड’ वाचेल आणि वसईजवळच्या त्या गावाशी या नावाचं नातं आहे हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. ज्या घरानं मराठीला व्याकरण दिलं, त्या घराच्या नावाचीही ही अवस्था!

थोरांच्या चुका

आता जरा वरच्या मजल्यावर जाऊ. पुण्यात वानवडीला महादजी शिंदे यांची छत्री आहे. मराठी माणूस तिला शिंदे छत्री म्हणतो. इंग्रजांनी शिंदे यांना ‘सिंदिया’ केलं, एस, सी, आय, एन, डी, आय, ए. पुढे हिंदीनं ते इंग्रजी रूप उचललं आणि ‘सिंधिया’ म्हणून देवनागरीत परत आणलं. म्हणजे एक मराठी आडनाव देवनागरीतून निघालं, रोमनमध्ये राहून आलं आणि देवनागरीत परतलं तेव्हा घरच्यांनाही ओळखू येईना. शेवटचा ए तिथेही गेलाच. पण त्यानं कोणाचं काही अडलं का? नाही. ग्वाल्हेरच्या दाराशी उभं राहून ‘तुम्ही शिंदे की सिंधिया, पुरावा आणा’ असं कोणी म्हटलं नाही. उलट ते चुकलेलं रूपच मोठेपणाची खूण झालं.

दुसरं उदाहरण प्रबोधनकार ठाकरे यांचं. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग हे विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराच्या नावासारखं आहे. त्या लेखकाच्या आवडीतून ते घेतलं, असं सांगितलं जातं. गंमत बघा, तो कादंबरीकार स्वतः १८११ साली कलकत्त्याला जन्मला होता. त्या स्पेलिंगच्या शेवटी ए आणि वाय येतात, त्यामुळे इंग्रजी जीभसुद्धा शेवटचा ए गिळू शकत नाही. आपलं नाव कसं लिहावं हे ज्यानं स्वतः ठरवलं, त्याचा ए वाचला.

हाताला लेखणी असली की असं करता येतं. मग ज्याच्या हाताला लेखणी नव्हती, त्याचं काय?

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. तिथलं मूळचं सकपाळ घराणं. गावावरून आंबडवेकर, आणि शाळेत आंबेडकर. सातारच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. ज्या मुलाला शाळेत वेगळं बसवलं जात होतं, त्याचं आडनाव त्या रजिस्टरात पक्कं झालं. पुढे त्याच माणसानं देशाची घटना लिहिण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. पण नावाची गोष्ट संपली नाही. हिंदीत ते ‘अंबेडकर’ झाले, आ गेला आणि अ आला. उत्तर प्रदेश सरकारनं मार्च २०१८ मध्ये आदेश काढला, की सरकारी कागदांत नाव ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असं लिहावं. त्या आदेशावर राजकीय वादही झाले, ते आपण बाजूला ठेवू. मला इतकंच दिसतं, की बाबासाहेबांसारख्या माणसाच्या नावातली एक काना-मात्रा दुरुस्त व्हायला त्यांच्या निधनानंतर एकसष्ट वर्षं लागली आणि एका राज्य सरकारचा हुकूम लागला. मग साध्या माणसाच्या काना-मात्रेकडे कोण बघणार?

तत्त्वज्ञ काय म्हणतात?

माझ्या विषयाकडे दोन मिनिटं जातो, कंटाळू नका. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात म्हटलं, की विशेषनामाला अर्थ नसतो, ते नुसतं माणसाकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवतं. त्यांचं उदाहरण डार्टमथ गावाचं. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेलं म्हणून डार्टमथ. उद्या वाळूनं ते मुख बुजलं, तरी गावाचं नाव बदलणार नाही. बरोबर आहे. तर्खडकर मुंबईत राहिले तरी तर्खडकरच राहिले.

त्याच्याही फार आधी मिलिंदप्रश्नात भिक्षू नागसेन राजाला सांगतो, की नागसेन हा नुसता व्यवहारापुरता शब्द आहे, त्याच्यामागे शोधू गेलास तर ‘नागसेन’ नावाची वस्तू सापडायची नाही. हे ऐकणारा तो राजा कोण? ग्रीक राजा मेनँडर. पाली जिभेनं त्याचा मिलिंद केला. आज महाराष्ट्रात किती घरांत मिलिंद असेल! एका परक्या राजाच्या नावाचा अपभ्रंश आपण कौतुकानं बारशाला ठेवतो. तेव्हा उच्चार बदलला म्हणजे बिघडलाच, असं मी म्हणणार नाही.

आणि तिसरे सॉल क्रिपके. जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला त्यांनी हातात कागद न घेता तीन व्याख्यानं दिली. त्यांचं शब्दांकन करूनच पुढे पुस्तक झालं, आपल्या या व्याख्यानांचं होतं तसंच. क्रिपके म्हणाले, नाव हे साखळीसारखं चालतं. बाळाचं नाव ठेवलं जातं, एक माणूस दुसऱ्याकडून ते ऐकतो, तो तिसऱ्याला सांगतो. प्रत्येक दुव्याचा इरादा एकच हवा, की आधीच्यानं ज्याच्याबद्दल हे नाव वापरलं, त्याच्याचबद्दल मीही वापरतोय. इरादा शाबूत असला की साखळी शाबूत.

हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पण या साखळीतला एक दुवा मी कधी नीट पाहिला नव्हता. तो म्हणजे रजिस्टर लिहिणारा. त्याचा इरादा चांगला असतो हो. पण पुढचा दुवा त्याचा इरादा बघत नाही, अक्षर बघतो.

अंगठा ज्याचा, अक्षर दुसऱ्याचं

आता आपल्या डहाणू-तलासरीकडे येऊ. या पट्ट्यात नावं लिहिणाऱ्यांची भाषा किती वेगवेगळी! शेजारी गुजराती, बागांमध्ये पारशी-इराणी, शाळेत मराठी, कोर्टात इंग्रजी, आणि पाड्यावर वारली बोली. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, उंबरगाव तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. एकाच कुळातली माणसं दोन लिप्यांत लिहिली जाऊ लागली. आणि या सगळ्यांत ज्यांची वस्ती सर्वांत जुनी, त्या आदिवासींच्या हातात यांपैकी एकही लेखणी नव्हती. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी परुळेकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते तुम्ही वाचलं असेल. त्या काळात सावकाराच्या वहीत नाव कोणी लिहायचं? सावकारानं. खाली अंगठा कोणाचा? वारल्याचा. अंगठा ज्याचा, अक्षर दुसऱ्याचं. त्याच १९४५ साली ‘द वारलीज’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. लेखक के. जे. सावे. बघा, वारल्यांची माहिती जगाला देणारा लेखकसुद्धा परदेशी ग्रंथालयात ‘सेव्ह’ म्हणूनच वाचला जात असणार.

आपल्या गंजाडचे जिव्या सोमा. १९३४ चा जन्म. लग्नाच्या चौकासाठी बायका भिंतीवर जे काढत, ते त्यांनी कागदावर आणलं आणि वारली चित्र जगभर गेलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं आडनाव काय? मराठीत कुठे म्हसे, कुठे मशे. इंग्रजी स्पेलिंग असं, की बाहेरचा माणूस माशे वाचतो, आणि हिंदीत माशे असंच लिहितातही. त्यांची रेघ जगानं लांबूनही ओळखली. आडनावाबद्दल मात्र अजून एकमत नाही.

आणि आता कबुली.

१९७२ सालची गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो. अक्षर बरं होतं, म्हणून जवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत गुरुजींना मदत करायला गेलो. जूनचे प्रवेश चालू होते आणि जनरल रजिस्टर मी लिहीत होतो. एक वारली बाप पोराला घेऊन आला. मी विचारलं, “आडनाव?” तो म्हणाला, “वरठा.” मी लिहिलं, ‘वरठे’.

का लिहिलं? कोणाचं वाईट करायचं म्हणून नव्हे. माझ्या पुस्तकी कानाला ‘वरठा’ एकेरी वाटलं. आपल्या मराठीत अनेक आडनावांच्या शेवटी जो ए येतो, तो आदराचा. काळा नाही म्हणायचं, काळे म्हणायचं. गोरा नाही, गोरे. मला वाटलं, या माणसाला आजवर कोणी आदर दिला नाही, आपण एक मात्रा देऊन टाकू. कोरडा यांचे कोरडे, बोंबाडा यांचे बोंबाडे, त्या आठवड्यात मी असे किती ‘शुद्ध’ केले कोण जाणे. बापानं अंगठा दिला. मी लिहिलेलं वाचायला त्याला येत नव्हतं आणि वाचून दाखवावं असं मला सुचलं नाही.

२०११ साली, मी निवृत्त होऊन गावी आलो होतो, तेव्हा एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन घरी आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण जात वैधता प्रमाणपत्र अडलं होतं. आजोबांच्या कागदावर वरठा, सातबाऱ्यावर वरठा, आणि स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर वरठे. एका मात्रेनं बाप आणि मुलगा दोन घराण्यांतले झाले होते. प्रतिज्ञापत्र झालं, फेऱ्या झाल्या, वकिलाचे पैसे झाले. “सर, एक अर्ज नीट लिहून द्याल का?” एवढंच त्यांचं मागणं.

मी कागद चाळत होतो. रजिस्टराच्या उताऱ्याची झेरॉक्स हातात आली. ते अक्षर माझं होतं.

मी त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अक्षर एवढं चांगलं होतं, सर, की ते चुकीचं असेल असं कोणाला वाटलंच नाही.”

मंडळी, आयुष्यात माझ्या अक्षराची पुष्कळ लोकांनी तारीफ केली. ही मला विसरता आलेली नाही. पुढे काम झालं, प्रमाणपत्र मिळालं, पण त्या मुलीचं एक वर्ष गेलं. ती आज नर्स आहे.

माझ्या नावातला ए लोक गिळतात म्हणून मी जन्मभर कुरकुर केली. माझं नुकसान काय झालं? चार ठिकाणी हसं झालं. आणि जो ए मी दुसऱ्याच्या नावाला न विचारता चिकटवला, त्यानं एका मुलीचं वर्ष खाल्लं. दोन्ही चुका एकाच अक्षराच्या. पण मला सभागृहात उभं राहून ‘सेव नव्हे, सावे’ असं म्हणता येत होतं. त्या बापाला तसं म्हणता आलं नाही. आणि आदर म्हणून जे दिलं, ते त्याला हवं आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. वरठा हे त्याच्या घरात पूर्ण नाव होतं. त्यात काहीही कमी नव्हतं. कमी होतं ते माझ्या कानात.

मग करायचं काय?

आता व्यवहाराचं बोलतो, कारण समोर शिक्षक बसले आहेत, ग्रामपंचायतीतली मंडळी आहेत आणि तरुण पालकही आहेत.

जो लिहितो त्यानं नाव विचारावं, सांगेल तसं लिहावं आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं. अर्धा मिनिट लागतो. ‘आमच्याकडे असं लिहीत नाहीत’ हे वाक्य नोंदवहीसमोर बसून कधी उच्चारू नये. नावाला शुद्धलेखनाचे नियम लावायचे नसतात. माणूस सांगतो ते नाव, तेच शुद्ध.

पालकांना सांगणं असं, की मूल शाळेत घालताना जन्मदाखला, आईबापांचे दाखले आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून आडनाव ताडून बघा. मराठीतलंही बघा, इंग्रजीतलंही बघा. वेगळं दिसलं तर तेव्हाच अर्ज करा. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे.

आणि माझ्यासारख्या ‘सेव्ह’ लोकांनी काय करावं? समोरच्याला हसत हसत एकदा बरोबर उच्चार सांगावा आणि पुढे जावं. त्याची जीभ वळत नसेल तर रागावण्यात अर्थ नाही. मेनँडरचा मिलिंद झाला, त्यात आपणही सामील आहोत. उच्चार कोणाचाही चुकतो. मात्र ज्याला उलट बोलता येत नाही, त्याचं नाव घेताना आणि लिहिताना आपण दुप्पट सावध असलं पाहिजे.

त्या गृहस्थांनी आता मुलीच्या, नातवंडांच्या, सगळ्यांच्या कागदांवर एकच आडनाव करून घेतलं आहे. मी विचारलं, कुठलं ठेवलंत? त्यांनी नुसतं ‘वरठा’ म्हटलं, आणि मी ते वहीत लिहून त्यांना वाचून दाखवलं.